दुसऱ्या ओळीतला शेवटचा चौकोन

खळ मीच शिजवली होती, हे आधी सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की बाईने आडपडदा ठेवला. दोन चमचे मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद म्हणजे झुरळं लागत नाहीत, आणि मंद आचेवर सारखं ढवळत राहायचं. माझ्या हातची खळ सुटत नाही. आमच्या लाईन आळीतली पोरं गणपतीच्या आराशीला माझ्याकडूनच वाटी भरून न्यायची. त्याच खळीने मी मालूच्या पाटीवर गणपतीचं चित्र चिकटवलं आणि त्यापायी मालू गेली. हे आजपर्यंत मी कुणाला बोलले नाही. ह्यांना तर नाहीच.

मालू माझी धाकटी नणंद. माझं लग्न झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि सासूबाई तिला मांडीवर घेऊन भरवत होत्या. हातपाय आपल्या मनाने ओढले जायचे, मान डुलायची, शब्द म्हणून एक फुटायचा नाही, नुसता घशातला आवाज. जन्मल्यावर वेळेत रडली नाही म्हणून असं झालं, असं डॉक्टरांचं म्हणणं. सासूबाईंचं म्हणणं वेगळं. मालू पोटात असताना, आठव्या महिन्यात, घरात काहीतरी भांडण झालं. सासूबाई अबोला धरून बसल्या आणि सासरे भर तिन्हीसांजेला ओरडले, "मुकी हो जन्माची!" आता आपल्याकडे म्हणतातच, वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते, घरात वाईट बोलू नये. ते तथास्तु पोटातल्या पोरीला लागलं, हे सासूबाईंनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. सासरे त्यानंतर घरात फारसं बोललेच नाहीत म्हणे.

तेव्हापासून ह्या घरात बोलण्याला सोवळं. तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. बाहेर पडताना 'जाते' नाही, 'येते'. एवढं चार घरांत असतंच, पण आमच्याकडे ताप आला म्हणायचीसुद्धा चोरी. 'अंग कोमट आहे' म्हणायचं. मी उरणची, तोंडाने फटकळ. पहिली दोन वर्षं उठता-बसता बोलणी खाल्ली. मग सवय झाली.

सासूबाईंच्या मागे मालूचं सगळं माझ्याकडे आलं. हे, म्हणजे अविनाश, एस.टी.त कंट्रोलर. पनवेल स्टँडवर दिवसभर भोंग्यावरून गाड्या पुकारायचे आणि घरी आले की घसा बसलेला. आम्हाला मूलबाळ झालं नाही. मालू होती. तिचं न्हाणं, भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं सगळं मी केलं आणि नीट केलं. अकरा वर्षांत तिच्या पाठीला एक फोड आला नाही. त्यात मला कुणाची टाप नाही नावं ठेवायची.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये मनिषाताई आल्या. ताई कसली, चोवीस-पंचवीसची पोर. अपंगांच्या एका संस्थेकडून दर शनिवारी मुंबईहून यायची आणि एका शाळेच्या रिकाम्या वर्गात मालूसारख्या सात-आठ जणांना गोळा करायची. पहिल्याच दिवशी मालूसमोर फरशीवर बसली, अर्धा तास तिच्याशी काय काय बोलली, आणि मला म्हणाली, "वहिनी, हिला सगळं कळतं."

"कळतं हो," मी म्हटलं, "पण सांगणार कशी?"

"तेच बघू या," म्हणाली.

श्रावणात तिने पाटी करून आणली. हार्डबोर्डचा तुकडा, मालूच्या मांडीवर मावेल एवढा. त्यावर पांढरा कागद, चार ओळी, एकेका ओळीत सहा चौकोन. चौकोनाचौकोनात तिने स्वतः स्केचपेनने काढलेलं चित्र आणि खाली नाव. भात, पाणी, चहा, दादा, वहिनी, बाहेर, झोप, रेडिओ, असं. खालच्या ओळीत हो आणि नाही. वरून जाड प्लॅस्टिक आणि कडेने बारीक चुका ठोकलेल्या. मालूने उजवी मूठ हव्या त्या चौकोनावर आपटायची आणि आपण ते मोठ्याने म्हणायचं. दुसऱ्या ओळीतला शेवटचा, उजव्या कडेचा चौकोन होता 'दुखतंय'. गालाला हात लावून बसलेला माणूस आणि डोळ्यांतून दोन निळे थेंब.

"चौकोनांच्या जागा बदलायच्या नाहीत हं, वहिनी," मनिषा म्हणाली. "तिची मान ठरत नाही, नजर ठरत नाही. चित्र बघून मग हात नेईपर्यंत हात भलतीकडे जातो. म्हणून ती जागा पाठ करते. आपण अंधारात दिव्याचं बटण शोधतो ना, तसं." सर्वांत खालच्या ओळीत तिने एक चौकोन कोरा ठेवला होता. "हा मालूचा. तिला काय हवं ते तिलाच विचारून लावा."

मला वाटलं होतं, शिकायला वर्ष जाईल. तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी चहाचा कप घेऊन बसले, तर बाईसाहेबांनी मूठ आपटली. चहा. नाही. मी म्हटलं, गरम आहे का? नाही. साखर कमी? नाही. चहा, नाही. चहा, नाही. अगं बाई! अकरा वर्षं मी हिला सकाळ-संध्याकाळ चहा पाजत होते आणि हिला तो आवडतच नव्हता. मी हसत सुटले, ती घशातून खिंकाळली, हे आंघोळीवरून तसेच टॉवेलवर बाहेर आले. त्या दिवसापासून ती दूध प्यायला लागली. ह्यांनी स्टँडवर सगळ्यांना सांगितलं की आमची मालू बोलते. ड्रायव्हर लोकांना पेढे वाटले.

मग ती दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या चौकोनावर आली.

पहिल्या दिवशी मी मोजलं. चौदा वेळा. दुखतंय. कुठे? पाय? हो. मी तेल लावून चोळले. दुखतंय. अजून? हो. मान? हो. पाठ? हो. कुशीवर वळवलं, उशी बदलली, शेकलं. दुखतंय. दुसऱ्या दिवशी अकरा वेळा, तिसऱ्या दिवशी मी मोजायचं सोडलं. मनिषाला विचारलं तर म्हणाली, "वहिनी, तिचे स्नायू सतत ओढलेले असतात. दुखत असणारच. जन्मापासून दुखत असेल. आता सांगता येतंय इतकंच." एवढं बोलून ती चार वाजताच्या गाडीने निघून गेली. मी कुठे जाणार होते? पोळ्या लाटताना मागून ठक. कपडे वाळत घालताना ठक. डोळा लागतो न लागतो तोच ठक. चोळून चोळून माझी बोटं रात्री मिटायची नाहीत. आणि चोळून थांबायचंही नाही ते. काही उपयोग नसलेलं ऐकायचं तरी किती?

दिवाळीच्या आधी मनिषा कसल्याशा परीक्षेसाठी तीन-चार महिन्यांची रजा घेऊन गेली. पुढच्याच आठवड्यात एका दुपारी मी खळ शिजवली. जुन्या कॅलेंडरावरचा गणपती चौकोनाच्या मापाने कापला, चुका उपटल्या, प्लॅस्टिक वर केलं, आणि त्या रडक्या माणसावर गणपती बसवला. कोरा चौकोन होताच की खाली. तिथे लावता आला असता. मी तिथे लावला नाही. मालू समोर गादीवर होती. मी चुका परत ठोकेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "घरात दिवसातून दहादा तो अभद्र शब्द नको. वास्तू तथास्तु म्हणते." ह्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "आई असती तर तिनेही हेच केलं असतं." खरं सांगू? वास्तू मला नंतर सुचली. मला ऐकायचा कंटाळा आला होता.

पहिले काही दिवस ती तिथे मूठ आपटायची. आम्ही दोघं हात जोडायचो आणि 'मोरया' म्हणायचो. ती पुन्हा आपटायची, आम्ही पुन्हा मोरया. मग तिने सोडून दिलं. भात, पाणी, रेडिओ, बाहेर एवढ्यावर आली. घरात शांतता झाली. मला बरं वाटलं, ते नाकारत नाही.

माघात, गणेश जयंतीला तीन दिवस होते, तेव्हा तिने पुन्हा सुरू केलं. सकाळी दूध दिलं तर तोंड मिटलं आणि ठक. गणपती. मी म्हटलं मोरया, दूध पी. ठक. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी हे आल्यावर तर तिने लागोपाठ सुरूच केलं. गणपती, गणपती, गणपती. मनगट सोलवटलं तरी थांबेना.

हे तिच्यासमोर मांडी घालून बसले. "बाप्पा हवा का, मालू?" तिने मूठ खाली नेली. नाही. मग परत वर. गणपती. नाही. गणपती.

"बाप्पा... नाही," हे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू. "अगं, बाप्पाला नेलं नाही, असं म्हणतेय ती! जयंती जवळ आली ना. इतक्या वर्षांत आपण हिला एकदा देवळात नेलं नाही. रागावली आहे."

मलाही तसंच वाटलं. शपथेवर सांगते, वाटलं. स्वतःच्या हाताने काय झाकलं होतं ते मी विसरले होते, असं म्हणणार नाही. पण चार महिने ज्याला मोरया म्हटलं, ते मोरयाच झालं होतं.

दुसऱ्या दिवशीही तिने अन्न घेतलं नाही. शेजारणी म्हणाल्या, पोरीने उपास धरला. बातमी आळीभर झाली. बायका बघायला यायला लागल्या. जी येईल तिच्यासमोर मालू गणपतीवर मूठ आपटायची आणि ती बाई गहिवरायची. कुणी तिच्या कपाळाला गुलाल लावला. कुणी नारळ ठेवला. ज्या बायका ती दारात बसली असताना पदर सावरून पलीकडून जायच्या, त्या आता तिच्या पायांवर डोकं ठेवत होत्या. मी चहा करत होते सगळ्यांना. अंग कोमट होतं तिचं. क्रोसिन पाजली. परसाकडे दोन दिवस झालं नव्हतं, पण ते तिचं नेहमीचंच. एरंडेल पाजलं, ते तिने उलटून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सखूबाई मागच्या दारी आली. उरणच्या मोरा बंदराची कोळीण, आठवड्यातून दोनदा पनवेलला मासळी घेऊन यायची. टोपली उतरवून पाणी मागितलं आणि उंबऱ्यातून आत डोकावली. मालू गादीवर होती, गुडघे पोटाशी ओढलेले, कपाळावर गुलाल आणि घाम.

"वैनी," सखूबाई म्हणाली, "हिचा पोट दुखतंय."

"शुभ बोल गं," मी फाडकन म्हटलं. "घरात देवाचं चाललंय."

"देवाचा चालू दे. पन पाय बगा कशी घेतलीन पोटाशी. सा पोरा काढलीत मी, मना कलतंय. डागतराला दाखवा हिला."

"ती देवाचं नाव घेतेय, सखूबाई. तुला समजायचं नाही ते. आणि आज मासळी नको."

ती टोपली डोक्यावर घेऊन उठली. जाताना म्हणाली, "तिला त्वांड नाय, तुमाला डोले हायत ना?" मला असा राग आला तिचा! कोण कुठली कोळीण, मला शिकवते. मी दार लावून घेतलं. मालूकडे बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. मूठ उचलली, दुसऱ्या ओळीत नेली आणि ह्या खेपेस आपटली नाही, नुसती ठेवली. मी "मोरया" म्हटलं आणि मोदकांचं बघायला गेले.

जयंतीला तिला रिक्षातून तळ्याकाठच्या देवळात नेलं. ह्यांनी नवं पातळ आणलं होतं तिच्यासाठी. मी तिला मांडीवर आडवी घेतली होती, रस्ताभर खड्डे, आणि दर खड्ड्याला तिच्या घशातून आवाज येत होता. देवळात गर्दीने वाट करून दिली. गुरवाने हार तिच्या गळ्यात घातला. आरतीच्या वेळी तिने डोळे मिटले, ते हे बघत राहिले. ह्यांनी तिच्या ओठांना मोदक लावला. तिने तोंड उघडलं नाही. "उपास सोड गं, राणी, आलो ना बाप्पाकडे," हे म्हणत होते आणि रडत होते. मीही रडले. आनंदाने रडले हो! हे सांगताना मला आता काहीच कसं वाटत नाही, हेच मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे ओठ राखेसारखे झाले, तेव्हा हॉस्पिटलात नेलं. पाटी घरीच राहिली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पातळ बाजूला केलं आणि पोटावर चार बोटं टेकवून जराशी दाबली. मालूची उजवी मूठ वर उठली आणि चादरीवर पडली. मांडीच्या वर, उजव्या बाजूला, कडेला. डॉक्टरांनी पुन्हा दाबलं. मूठ पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा तिथेच. बोटभरसुद्धा चुकली नाही. तिथे पाटी नव्हती, चित्र नव्हतं, काहीच नव्हतं. नुसती पांढरी चादर होती आणि जागा.

तेव्हा मला कळलं. चार दिवस ती काय सांगत होती ते सगळं एकदम कळलं. आपटून, पुन्हा आपटून, 'नाही' म्हणून, नुसता हात ठेवून. बाप्पा नाही. बाप्पा नाही, वहिनी, त्याच्या खालचं.

आणि हे शेजारी हात जोडून उभे होते. "बघा डॉक्टर," म्हणाले, "आत्ताही बाप्पाच."

डॉक्टरांनी वर बघितलं नाही. "अपेंडिक्स फुटलंय," म्हणाले. "तीन-चार दिवस झाले असतील. इतकं दुखत असताना तुम्हाला कळलं कसं नाही?"

"डॉक्टर, तिला बोलता येत नाही," हे म्हणाले.

ऑपरेशन केलं. त्यानंतर ती दीड दिवस होती. शुद्धीवर अशी आलीच नाही. मी तिच्या उजव्या हाताशी बसून राहिले, पण तो हात काही हलला नाही.

तेराव्याला घर भरलं होतं. ह्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या बाबांच्या तोंडून एक वाईट शब्द गेला आणि पोर मुकी जन्मली. पण जाताना चार दिवस ती देवाशिवाय दुसरं काही बोलली नाही. तो शब्द तिने फेडून टाकला." बायका हुंदके देत होत्या. ह्यांनी तीस वर्षांत पहिल्यांदा बापाचा फोटो पुसून भिंतीवर लावला. आणि मालूची पाटी देवघरात ठेवली. गंध थेट बाप्पाला लागावं म्हणून वरचं प्लॅस्टिक काढून टाकलं. तेव्हापासून रोज आंघोळ करून आले की आधी देवांना आणि मग दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या चौकोनाला गंध, फूल. मग कामावर. मागे रात्री-अपरात्री दचकून उठायचे ते आता शांत झोपतात. त्यांना मी काय सांगू? आणि कोणत्या तोंडाने?

होळीनंतर मनिषा आली. तिला कुणीतरी कळवलं होतं. हे घरी होते. तिचा हात धरून देवघराशी घेऊन गेले. "तुमचे उपकार कसे फेडू? देवाचं नाव घ्यायला तुम्ही शिकवलंत तिला." मनिषाने पाटीकडे बघितलं. तिची नजर वरच्या ओळीवरून गेली, दुसऱ्या ओळीच्या टोकाला थांबली. मग खालच्या ओळीतल्या कोऱ्या चौकोनावर गेली आणि परत वर आली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी ओट्याशी उभी होते, हातात पक्कड होती, चहा उतू जात होता.

ती बोलेल असं मला वाटलं. बोलावं असंही वाटलं. एकदाचं होऊन गेलं असतं. पण ती पोर पाटीला हात न लावता दाराकडे वळली. चहा घेतला नाही. दारात चपला घालताना म्हणाली, "जाते मी." ह्यांना ते खटकलं. "येते म्हणा, ताई," म्हणाले. तिने ऐकलं की नाही देव जाणे, आळीच्या टोकापर्यंत मागे वळून बघितलं नाही.

मला वाटलं होतं, असंच चालायचं. मग गेल्या भाद्रपदात, पितृपंधरवड्यातल्या त्या गुरुवारी, गणपती दूध प्यायले. सगळ्या देशात प्यायले, तर पनवेलात का नाही पिणार? सकाळी दहापर्यंत देवळाबाहेर रांग तळ्याला वळसा घालून गेली होती. अकरा वाजता आमच्या दारात रांग लागली. मालूचा गणपती जागृत, हे आळीला ठाऊक होतंच. हे रजा टाकून घरी आले. जी येईल तिच्या वाटीतलं दूध चमच्याने चित्राला लावत होते आणि दूध जात होतं. कागद तो, पुठ्ठा तो, पिणारच! पण बायका "प्यायला, प्यायला" म्हणून ओरडत होत्या आणि हे घामाघूम होऊन हसत होते. इतके हसलेले मी त्यांना लग्नातही बघितले नव्हते.

चारच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. "अगं, इकडे ये बघू."

मी गेले. चित्र दुधाने फुगलं होतं आणि उजवीकडचा खालचा कोपरा सुटून वर वळला होता. सुटलेल्या जागी ओल्या कागदावर निळं काहीतरी पसरलं होतं. मनिषाच्या स्केचपेनची शाई. त्या माणसाच्या डोळ्यांतले थेंब.

"खाली काहीतरी आहे," हे म्हणाले. त्यांनी नखाने कोपरा हलकेच धरला होता. बाहेर चार-पाच बायका वाट्या घेऊन उभ्या होत्या. "निळं दिसतंय. काय होतं गं इथे आधी?"

त्यांनी विचारलं होतं. गेल्या सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ विचारलं होतं. मला फक्त एक शब्द सांगायचा होता. तो शब्द मालूने चार दिवस सांगितला होता, मनगट सोलवटेपर्यंत. मला तर बोलता येतं. मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. ओठाला दुधाचा थेंब लागला होता आणि चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"काही नव्हतं," मी म्हटलं. "कोरा होता तो चौकोन."

"मग बरं," म्हणाले. "नाहीतर मला वाटलं, आपण कशावर तरी चिकटवला की काय. खळ आण बरं जराशी. फाटेल नाहीतर."

मी स्वयंपाकघरात गेले. मैदा दोन चमचे, पाणी, चिमूटभर मोरचूद. मंद आचेवर ढवळत राहिले. गुठळी होऊ दिली नाही. वाटीत काढून आणली, बोटाने कोपऱ्याखाली लावली, त्या दोन निळ्या थेंबांवर लावली. ह्यांनी अंगठा ठेवून बराच वेळ दाबून धरलं. दाराशी बायका थांबल्या होत्या. मग त्यांनी अंगठा उचलला, कोपरा नीट बसला होता.

"झालं," हे म्हणाले. "आता जन्मात निघायचं नाही."

वास्तूने ते ऐकलं असणार. मी पुढच्या बाईची वाटी घेतली.